जुन्या स्पोर्ट्स कारचे दुर्मीळ ओरिजिनल पार्ट कसे शोधायचे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी खोलली, पत्र्याचं काम सुरू झालं आणि मग कळलं की निम्मे पार्ट गायब आहेत आणि उरलेल्यांपैकी बरेच भलत्याच गाडीचे आहेत. रिस्टोरेशनमध्ये बहुतेकांची गाडी इथेच अडते. तिथून पुढे पडणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं.

शोध नेमका कुठून सुरू करायचा?

कागदांपासून. बाजारात उतरण्याआधी कारखान्याचं पार्ट्स कॅटलॉग मिळवा. वर्कशॉप मॅन्युअल वेगळं आणि पार्ट्स कॅटलॉग वेगळं. मॅन्युअल काम कसं करायचं ते सांगतं, तर कॅटलॉगमध्ये प्रत्येक नट-वॉशर सुटा करून चित्रात दाखवलेला असतो, शेजारी नंबर असतो आणि मुख्य म्हणजे 'अमुक चासी नंबरपासून पुढे' अशी नोंद असते. ही शेवटची नोंद वाचायला शिकलात तर पुढचा बराच मनस्ताप वाचेल.

जॅग्वार ई-टाइप 1961 साली आली. अगदी सुरुवातीच्या गाड्यांना बोनेटचं कुलूप बाहेरून होतं आणि आतली जमीन सपाट होती. दोन्ही गोष्टी थोड्याच काळात बदलल्या. 1964 मध्ये 3.8 लिटरचं इंजिन जाऊन 4.2 लिटरचं आलं आणि त्याबरोबर गिअरबॉक्स आणि सीटही बदलल्या. म्हणजे 'मला 1964 च्या ई-टाइपचा गिअरबॉक्स हवाय' या वाक्याला काही अर्थ उरत नाही. चासी नंबर सांगितला तरच समोरचा माणूस मदत करू शकतो.

दुसरा कागद म्हणजे कारखान्याच्या नोंदींचा दाखला. जॅग्वारसाठी जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट, एमजी, ट्रायम्फ आणि ऑस्टिन-हीलीसाठी गेडनचं ब्रिटिश मोटर म्युझियम आणि फेरारीसाठी कंपनीचाच क्लासिके विभाग असे दाखले देतात. गाडी कधी बनली, कोणत्या रंगात, कोणत्या इंजिन नंबरसह आणि कुठे रवाना झाली, असा तपशील त्यांच्याकडे असू शकतो. पार्ट शोधताना त्यातली तारीख सगळ्यात कामाची. का, ते पुढे येईलच.

पार्टवरचे नंबर कसे वाचायचे?

प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, पण थोडी सवय झाली की नंबर बोलायला लागतात.

पोर्शचा नंबर तीन-तीन-तीन-दोन अशा तुकड्यांत असतो. पहिले तीन आकडे तो पार्ट मुळात कोणत्या मॉडेलसाठी आखला होता ते सांगतात. म्हणून 911 वर 901 ने सुरू होणारा पार्ट दिसला तर दचकू नका. 1963 मध्ये ही गाडी 901 म्हणूनच दाखवली होती. मधे शून्य असलेले तीन आकडी नंबर आमचे, असा आक्षेप प्यूजोने घेतला आणि नाव 911 झालं. पार्टचे नंबर मात्र तसेच राहिले. शेवटचे दोन आकडे बहुधा सुधारित आवृत्ती दाखवतात आणि तिथेच खरी मेख असते: नवी आवृत्ती बसते नक्की, पण दिसायला मूळ पार्टसारखी असेलच असं नाही.

जॅग्वारमध्ये सी ने सुरू होणारे नंबर यांत्रिक भागांचे आणि बीडी ने सुरू होणारे बॉडीचे. इंजिनाचे विद्युत आणि इंजेक्शनचे भाग बनवणाऱ्या बॉशचे नंबर दहा आकडी. 0 280 ने सुरुवात झाली की पेट्रोल इंजेक्शनचा पार्ट समजायचा.

लुकास या इंग्लिश कंपनीच्या डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग), डायनॅमो, स्टार्टरवर पार्ट नंबरासोबत महिना आणि वर्ष ठोकलेलं असतं. डिस्ट्रिब्यूटर बाहेरून सारखे दिसले तरी आतल्या अ‍ॅडव्हान्सच्या (ठिणगीची वेळ पुढे नेणाऱ्या) स्प्रिंगा आणि वजनं नंबरागणिक वेगळी असतात, तेव्हा नुसत्या आकारावरून घेऊ नये. मीटर बनवणाऱ्या स्मिथ्स कंपनीच्या स्पीडोमीटरच्या तबकडीवर बारीक अक्षरात कोड असतो आणि एका मैलाला केबलचे किती फेरे, तो आकडाही असतो. तुमच्या गाडीचं डिफरन्शियल आणि तो आकडा जुळला नाही तर मीटर दिसेल सुंदर आणि वेग दाखवेल खोटा.

वेबर कार्बोरेटरचं तर विचारूच नका. '40 डीसीओई' एवढं म्हणणं म्हणजे काहीच न म्हणणं. त्यापुढचा आकडा बघायचा. लोटस एलानचा 18, इतरांचे इतर. जेट, चोक बदलता येतात, पण बटरफ्लायजवळची (हवेच्या झडपेजवळची) प्रोग्रेशनची, म्हणजे झडप उघडू लागताच पेट्रोल सोडणारी बारीक भोकं बॉडीतच पाडलेली असतात आणि ती प्रत्येक प्रकारात वेगळी. जुन्या कार्बोरेटरवर इटलीतल्या बोलोन्याचं नाव असतं, नंतर उत्पादन स्पेनला गेलं. स्पॅनिश वेबर चालायला उत्तम आहेत, पण साठच्या दशकातल्या गाडीवर जाणकाराला ते लगेच दिसतात.

'एनओएस', 'ओईएम', 'रिप्रो' यात फरक काय?

एनओएस म्हणजे त्या काळात बनलेला, न वापरता पडून राहिलेला पार्ट. ओईएम म्हणजे कंपनीला जो पुरवठादार माल द्यायचा त्याचाच माल, फक्त गाडीच्या कंपनीचं बोधचिन्ह नसलेला. रिप्रो म्हणजे नंतर कोणीतरी नक्कल करून बनवलेला. रिकंडिशन्ड म्हणजे जुनाच, दुरुस्त केलेला.

एनओएस या तीन अक्षरांवर लोक फार भाळतात. ते थोडं आवरायला हवं. पार्ट इतकी वर्षं विकला का गेला नाही, हा प्रश्न विचारावा. कधी तो नुसता विसरला गेलेला असतो, पण कधी बसला नाही म्हणून परत आलेला आणि तसाच फळीवर ठेवलेला असतो. जुन्या खोक्यात नवी नक्कल भरून विकणारेही आहेत. खोक्यावरचं लेबल म्हणजे पुरावा नव्हे. पार्टवरच्या खुणा पाहा.

'मॅचिंग नंबर' म्हणजे काय आणि त्यासाठी किती आटापिटा करावा?

कारखान्यातून गाडी ज्या इंजिनासह, गिअरबॉक्ससह बाहेर पडली तेच आजही तिच्यात असणं, हा त्याचा साधा अर्थ. काही ब्रँडमध्ये हे फार खोल जातं. शेव्रोले कॉर्व्हेटच्या इंजिनाच्या ब्लॉकवर कास्टिंग नंबर (ओतकामाचा नंबर) असतो, कास्टिंगची तारीख असते आणि वेगळ्या सपाट पट्टीवर ठोकलेला इंजिनचा कोड असतो. 1960 पासून तिथेच गाडीच्या सिरियल नंबराचा भागही येतो. तारखेत ए म्हणजे जानेवारी, बी म्हणजे फेब्रुवारी असं अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. 'सी 14 7' म्हणजे 14 मार्च, वर्ष सातने संपणारं. ते 1957 की 1967, हे कास्टिंग नंबरवरून ठरवायचं.

आता कागदावरची तारीख कामाला येते. पार्टची तारीख गाडी बनण्याच्या आधीची हवी, आणि फार आधीची नको. गाडी मार्चमध्ये बनली आणि अल्टरनेटर जूनचा, तर तो नंतर बदललेला आहे, कोणी कितीही शपथा घेतल्या तरी. मूळ ब्लॉक हरवला असेल तर त्याच प्रकारचा, योग्य तारखेचा ब्लॉक शोधणं हा प्रामाणिक मार्ग आहे. तो तसाच सांगून विकता येतो आणि सांभाळताही येतो.

जुना नंबर घासून नवा ठोकण्याचे प्रकार सर्रास चालतात. कॉर्व्हेटच्या त्या पट्टीवर कारखान्यातल्या यंत्राच्या बारीक समांतर रेघा असतात. त्या नसतील, अक्षरं वेडीवाकडी असतील किंवा आजूबाजूच्या पृष्ठभागापेक्षा तेवढीच जागा गुळगुळीत असेल, तर पैसे खिशातच ठेवा.

आटापिटा किती करावा? गाडी स्पर्धेत परीक्षकांपुढे न्यायची असेल किंवा मॉडेलच असं असेल की इंजिनावर तिची निम्मी ओळख ठरते, तर जरूर. रस्त्यावर चालवायची असेल तर अल्टरनेटरच्या महिन्यावरून झोप उडवण्यात अर्थ नाही, असं माझं मत.

माझ्या गाडीचा पार्ट कुठेच मिळत नाही. तो दुसऱ्या कुठल्या गाडीचा असू शकतो का?

शक्यता दाट आहे, आणि शोधातला सगळ्यात मजेचा भाग हाच. छोट्या स्पोर्ट्स कार कंपन्यांना दिवे, हँडल, स्विच स्वतः बनवणं परवडत नसे. ते मोठ्या कंपन्यांच्या फळीवरून उचलले जात. लॅम्बोर्गिनी मिउराचे हेडलाइट फियाट 850 स्पायडरचे. लोटस एस्प्रिटच्या पहिल्या गाड्यांचे मागचे दिवे फियाट एक्स1/9 चे आणि दाराची हँडल मॉरिस मरीनाची. अ‍ॅस्टन मार्टिन विराजचे मागचे दिवे फोक्सवॅगन शिरोक्कोचे, जॅग्वार एक्सजे220 चे रोव्हर 200 चे. मॅक्लारेन एफ1 चे मागचे दिवे तर बोव्हाच्या बसचे! लॅम्बोर्गिनी डियाब्लोच्या शेवटच्या काळातले हेडलाइट निस्सान 300झेडएक्सचे.

इंजिनांचंही तेच. डी टोमासो पँटेरात फोर्डचं 351 क्लीव्हलँड व्ही8, जेन्सन इंटरसेप्टरमध्ये क्रायस्लरचं व्ही8, लोटस युरोपात सुरुवातीला रेनो 16 चं इंजिन. फेरारीची डिनो 246, फियाट डिनो आणि लान्चिया स्ट्रॅटोस एकाच व्ही6 घराण्यातल्या.

म्हणून शोध गाडीच्या नावाने करू नका. दिव्याच्या काचेवरचं नाव आणि नंबर वाचा. कारेलो, लुकास, हेला, सिबिए, मारेल्ली, व्हेलिया असं काहीतरी कोरलेलं असतं. त्या नंबराने शोधलं की तोच पार्ट साध्या गाडीच्या नावाखाली, साध्या किमतीत सापडू शकतो. महागड्या गाडीचं नाव लागलं की त्याच तुकड्याची किंमत कितीतरी पट होते. फक्त एक खात्री करा: काच तीच असली तरी बिजागरी, चौकट किंवा वायरिंगचा सॉकेट वेगळा असू शकतो.

कंपन्या अजून जुने पार्ट बनवतात का?

काही बनवतात, म्हणून आधी तिथे विचारा. मी हा प्रश्न मुद्दाम जत्रांच्या आधी घेतला, कारण बरेच जण कंपनीला न विचारता वर्षानुवर्षं भंगार उपसत बसतात.

पोर्शचा क्लासिक विभाग हजारो पार्ट पुरवतो. 959 चा क्लच रिलीज लिव्हर मिळेनासा झाला तेव्हा त्यांनी तो धातूच्या पावडरपासून 3डी प्रिंट करून दिला. गाड्या जेमतेम 292 असल्यामुळे साचा बनवणं परवडणारं नव्हतं. मर्सिडीजचं क्लासिक सेंटर 1993 पासून फेलबाखला आहे. टोयोटाने 2020 मध्ये 2000जीटीच्या गिअर आणि डिफरन्शियलचे काही भाग पुन्हा बनवायला घेतले. निस्सानचा निस्मो विभाग आर32 स्कायलाइन जीटी-आरचे पार्ट काढतो. माझदाने पहिल्या पिढीच्या एमएक्स-5 साठी छताचं कापड, नार्डीचं लाकडी स्टिअरिंग, इतकंच काय, मूळच्या आकाराचे टायरही पुन्हा आणले. एमजीबीची तर अख्खी बॉडी 1988 पासून मूळ साच्यांवर नव्याने दाबून मिळते.

गाडी दुर्मीळ म्हणजे पार्ट दुर्मीळ, असं समीकरण नसतं. डीलोरियन कंपनी 1982 मध्ये बुडाली, पण न वापरलेल्या पार्टचा प्रचंड साठा मागे राहिला आणि शेवटी टेक्सासमधल्या एका कंपनीकडे गेला. उलट हजारोंनी विकल्या गेलेल्या एखाद्या गाडीची आतली प्लॅस्टिकची पट्टी जगात धड अवस्थेत मिळत नाही.

प्रत्यक्ष शोधायला कुठे जायचं?

जुन्या पार्टच्या मोठ्या जत्रा भरतात. इंग्लंडमध्ये ब्यूली इथे 1967 पासून, अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शीला दर ऑक्टोबरात, पॅरिसला रेट्रोमोबिल, जर्मनीत एसेनला टेक्नो-क्लासिका. इटलीतल्या गाडीचे पार्ट इटलीतल्या बाजारात जास्त निघणार, हे उघड आहे. पण अमेरिकेत ज्या गाड्या भरपूर विकल्या गेल्या, मग त्या इंग्लिश असोत वा जर्मन, त्यांचे पार्ट तिथेही मुबलक असतात. कोरड्या, उष्ण भागातून पत्रा घ्यावा. तिथे गंज कमी, पण रबर, डॅशबोर्ड आणि सीट उन्हाने गेलेल्या असतात.

ऑनलाइन शोधताना गाडी ज्या देशात बनली त्या देशाच्या भाषेत पार्टचं नाव टाकून पाहा. विकणाऱ्याला बऱ्याचदा पार्ट कशाचा आहे हेच माहीत नसतं, त्यामुळे नुसता नंबर टाकून, मधल्या रेघा-टिंबांसह आणि त्यांच्याशिवाय, असं दोन्ही प्रकारे शोधा. चुकीचं स्पेलिंगही टाकून पाहा. अशा नोंदींवर गर्दी नसते.

तरीही सगळ्यात चांगले पार्ट जाहिरातीत येतच नाहीत. ते त्या मॉडेलच्या क्लबमध्ये एका हातातून दुसऱ्या हातात जातात. क्लबात नाव घाला, दुसऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्या, तुमच्याकडचा जास्तीचा पार्ट वाजवी भावात द्या. मग एक दिवस कोणीतरी स्वतःहून फोन करतो. निवृत्त मेकॅनिक आणि बंद पडलेल्या डीलरांची गोदामं हा दुसरा खजिना. तिथे हवे असलेले दोन पार्ट वेगळे मागण्यापेक्षा अख्खा लॉट उचलावा लागतो, ही तयारी ठेवा.

विकणाऱ्याला काय विचारायचं?

पार्ट नंबर आणि तारखेची खूण यांचे जवळून फोटो मागा. तुम्ही सांगाल त्या कोनातून नवीन फोटो मागा. ज्याच्याकडे वस्तूच नाही तो इथेच अडखळतो. 'गाडीवरून काढला तेव्हा चालू होता' या वाक्याची किंमत शून्य धरा. कास्टिंग असेल तर माउंटिंगचे कान आणि धाग्यांचे फोटो हवेतच, कारण तडे तिथेच जातात. परतीची अट लेखी घ्या आणि पैसे अशा मार्गाने द्या की वाद झाला तर परत मागता येतील.

पाठवणीबद्दलही बोला. कार्बोरेटरमधलं पेट्रोल पूर्ण काढून, काच आणि मीटर वेगवेगळे गुंडाळून, जड पार्ट फोमच्या गोळ्यांत नव्हे तर लाकडी खोक्यात पक्का बांधून. डिस्ट्रिब्यूटरवर गिअरबॉक्स घरंगळला तर दोन्ही जातात.

कोणते पार्ट जुने घेऊच नयेत?

रबर. एनओएस असलं तरी नाही. ब्रेकचे होज, मास्टर सिलिंडरचे सील, पेट्रोलची नळी, सस्पेन्शनचे बुश हे सगळं वापरलं नाही तरी आतून कडक होतं, चिरतं. शिवाय जुनं रबर आजच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलपुढे टिकत नाही; तिथे नवीन, योग्य मटेरियलचीच नळी हवी. टायरच्या बाजूवरच्या डॉट कोडचे शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. तीनच आकडे असतील तर टायर 2000 च्या आधीचा आहे, भिंतीवर टांगा. मिशेलिन आणि पिरेली जुन्या नक्षीचे टायर आजही नव्याने बनवतात, त्यामुळे जुन्यांचा हट्ट धरण्याचं कारणच नाही.

जुने ब्रेक पॅड, शू आणि क्लच प्लेट यांत अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे आणि अनेक देशांत आयातच बंद आहे. ऑस्ट्रेलियात 2003 च्या अखेरपासून पूर्ण बंदी आहे आणि तिथलं कस्टम जुन्या गाड्या आणि पार्ट या बाबतीत कसून तपासतं.

मॅग्नेशियमची जुनी चाकं हा तिसरा धोका. दिसायला अप्रतिम, पण हा धातू आतून गंजतो आणि तडकतो. एक्स-रे किंवा डाय पेनेट्रंट (रंग झिरपवून तडे दाखवणारी) चाचणी केल्याशिवाय त्यावर गाडी उभीसुद्धा करू नये.

माझा जुना पार्ट दुरुस्त करू की दुसरा शोधू?

जमेल तिथे दुरुस्त करा. तुमच्याकडचा झिजलेला पार्ट निदान तुमच्याच गाडीचा आहे हे तुम्हाला माहीत आहे. बाजारातला दुसरा तेवढाच झिजलेला असणार आणि वर त्याचा इतिहासही अज्ञात. याचं उत्तम उदाहरण म्हणजे 1969 ते 1973 च्या काही 911 मधला बॉशचा यांत्रिक इंजेक्शन पंप. त्याच्या आतला कॅम इंजिनाच्या क्षमतेनुसार वेगळा असतो, त्यामुळे 2.2 लिटरचा पंप 2.4 वर बसतो पण पेट्रोलचं प्रमाण चुकतं. असा पंप तज्ज्ञाकडे पाठवून पूर्ण करून घेणं हेच शहाणपणाचं. एसयू कार्बोरेटर, स्मिथ्सचे मीटर, वायपर मोटर, घड्याळं यांची दुरुस्ती करणारे आणि आतले भाग पुरवणारे आजही आहेत.

अपवाद म्हणजे जस्ताच्या मिश्रधातूच्या क्रोम वस्तू: हँडल, दिव्याच्या कडा, बिल्ले. त्यात खड्डे पडले की धातूच आतून फुगलेला असतो. नुसतं क्रोम चढवलं तर खड्डे आणखी उठून दिसतात. प्रत्येक खड्डा कोरून, तांब्याने भरून, घासून मग प्लेटिंग करणारा कारागीर मिळाला तर ठीक, नाहीतर चांगला तुकडा शोधणंच बरं.

आणि जुना, मोडका तुकडा काहीही झालं तरी फेकू नका. नवीन बनवायचा झाला तर नमुना तोच. एक्सचेंजमध्ये द्यायची वेळ आली तर आधी विचारा की माझाच दुरुस्त करून मिळेल का.

दुसऱ्या गाडीचं बोनेट किंवा दार माझ्या गाडीला बसेल का?

यंत्रावर दाबलेल्या पत्र्याचं असेल तर बहुधा, थोड्या ठोकाठोकीने. हाताने घडवलेल्या बॉडीचं मात्र नाही. अ‍ॅस्टन मार्टिन डीबी4, डीबी5 मध्ये इटालियन टूरिंगच्या पद्धतीने बारीक नळ्यांच्या सांगाड्यावर अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा घडवलेला असतो आणि प्रत्येक गाडी शेजारच्या गाडीपेक्षा थोडी वेगळी असते. तिथे पॅनेल विकत आणण्यापेक्षा चांगला पत्राकारागीर शोधा.

3डी प्रिंट चालेल का?

नॉब, क्लिप, एअर व्हेंटची पट्टी, स्विचचं कव्हर यासाठी उत्तम. प्रिंटवरून साचा करून धातूत ओतून घेणंही चांगलं जमतं. ओतीव धातू थंड होताना आकसतो, तेवढी मापात वाढ धरावी लागते. स्टिअरिंग, ब्रेक, सस्पेन्शन यांत घरगुती प्रिंट अजिबात नको. पोर्शने तो लिव्हर छापला तेव्हा त्यावर दाब देऊन आणि आतून स्कॅन करून मगच तो पास केला. आपल्या गॅरेजात ती सोय नसते.

पार्टसाठी अख्खी दुसरी गाडी घ्यावी का?

यादीत बारीकसारीक वस्तू जास्त असतील तर हो. ब्रॅकेट, क्लिप, कारखान्याचे बोल्ट, होजचे क्लॅम्प हे कोणी सुटे विकत नाही आणि परीक्षकाची नजर तिथेच जाते. जर्मन गाडीच्या बोल्टच्या डोक्यावर कामॅक्स किंवा व्हर्बस, इंग्लिश गाडीवर चेनीचे क्लॅम्प, असल्या खुणा दाता-गाडीतूनच मिळतात. पण खोलण्याआधी नीट बघा. ती गाडीच वाचवण्यासारखी असेल तर तिचे तुकडे करू नका, आणि तिची चासी प्लेट तुमच्या गाडीवर कधीही लावू नका. तो बऱ्याच ठिकाणी थेट गुन्हा आहे.

डावीकडच्या आणि उजवीकडच्या स्टिअरिंगच्या गाडीचे पार्ट चालतात का?

इंजिन, दारं, काचा बहुधा चालतात. डॅशबोर्ड, स्टिअरिंग रॅक, पेडलबॉक्स, वायपरची यंत्रणा आणि हेडलाइटचा झोत वेगळा. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड कधीकधी फसवतं, कारण स्टिअरिंगच्या दांड्याला जागा द्यायला त्याचा आकार बदललेला असतो.

सगळं झालं, एकच पार्ट मिळत नाही. गाडी थांबवून ठेवू का?

नका थांबवू. चांगला रिप्रो किंवा दुसऱ्या मॉडेलचा पार्ट लावा आणि गाडी रस्त्यावर आणा. फक्त तो बसवण्यासाठी मूळ ब्रॅकेट कापू नका, नवीन भोकं पाडू नका, वायरिंग तोडू नका. जुळवणारा तुकडा वेगळा बनवून घ्या, म्हणजे खरा पार्ट आला की दोन बोल्ट काढून बसवता येईल. हव्या असलेल्या पार्टचा नंबर, चालतील त्या तारखा आणि न चालणाऱ्या आवृत्त्या एका चिठ्ठीवर लिहून फोनमध्ये फोटो ठेवा आणि क्लबच्या मंडळींनाही पाठवा. जत्रेत दहा हजार तुकड्यांमधून हात फिरवताना आठवणीवर विसंबून चालत नाही.